उशीर

दवाखान्यातल्या पोरीनं नाकावर मुखवटा चढवला,
मागून पट्टे ओढले आणि म्हणाली,
उसिरु बिडी. निधानवागि.
चौतीस वर्षं उद्यमबागेत कन्नड ऐकतोय मी,
खरं त्या वक्ताला कानात नुसता वारा,
आणि मला ऐकू आलं : उशीर.
उशीर कसला, म्हणायला तोंड उघडलं
तर नाकातून घुसलेली हवा
ओठांतून फर्रकन बाहेर.
पोरगी हसली. बाय मुच्चि, कंग्राळकर अण्णा.
तोंड मिटा.

कागदावर छापलं होतं : तासाला एकेचाळीस वेळा.
शंभरात एकेचाळीस नग असे अडकले असते
तर मालकानं मला लेथसकट गेटाबाहेर ठेवलं असतं.
द्रुपदाला कागद लागला नव्हता.
"घोरतासा त्याचं काय न्हाई," ती म्हणायची,
"खरं मधीच गप होतासा,
मग मला उठून बसाय लागतंय."
किती वर्षं, ते तिनं सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही.

पहिल्या रात्री दोन वाजता ओरबाडून काढला
आणि उशीखाली कोंबला. यंत्र घूं घूं करत राहिलं,
पलंगाखालचं मांजर उठून गेलं.
दुसऱ्या रात्री स्वप्न : कुणीतरी
कॉम्प्रेसरची नळी माझ्या नाकाला जोडून
चहाला गेलंय, अजून आलं नाही.
तिसऱ्या रात्री लाईट गेली.
मुखवट्यात माझीच गरम वाफ.
उठून बसलो नळीसकट, काळोखात,
आणि नातू दारातून बघून गेला.
सकाळी शाळेत सांगून आला,
आमच्या आज्याला रात्री सोंड फुटते.

नाकाच्या हाडावर लाल वळ.
पट्टे आवळले की वळ, सैल सोडले की
वारा शिट्टी घालत थेट डोळ्यात.
द्रुपदानं जुन्या लुगड्याची सुती पट्टी शिवून दिली.
वळ थांबला, शिट्टी थांबली नाही.

आता गळती म्हणजे माझा धंदा.
किती पोरांना शिकवलंय,
नुसता पाना फिरवू नको रे,
जास्त आवळलेली गॅस्केट कडेला चेपते,
आधी बैठक बघ.
तेच कधी स्वतःला सांगितलं नव्हतं.
आडवा झालो, यंत्र पूर्ण दाबावर सोडलं,
आणि ओलं बोट मुखवट्याच्या काठानं
हळूहळू फिरवत नेलं,
गालावरून, नाकाच्या मुळाशी, पुन्हा खाली.
जिथं बोट गार पडलं, तिथं होती
माझी मिशी.

तीस वर्षांची. बापाच्या वळणाची.
सकाळी आरशासमोर फार वेळ उभा राहिलो,
द्रुपदा दारात आली, काही न बोलता
गरम पाण्याचा तांब्या ठेवून गेली.
मग म्हणाली, "परक्यासारखं दिसूलालाय."
थोड्या वेळानं, चुलीकडं बघत,
"न्हाई, लग्नातल्यासारखं."
गेटावरच्या ईरण्णानं पास मागितला. यारु नीवु?
मी नाव सांगितलं. तरी त्यानं पास बघितला.

त्या रात्री शिट्टी वाजली नाही.
झोप आली असं म्हणत नाही,
तीन-साडेतीन तास असतील.
जाग आली तेव्हा घसा कोरडा,
पाण्याची टाकी तळाला गेलेली,
बाहेर मजगावच्या अंगाला एक कुत्रं.
मुखवटा उतरवला. यंत्र बंद केलं.

आणि ऐकलं : द्रुपदा घोरत होती.
बारीक, सुताच्या दोऱ्यासारखं,
तोंड थोडं उघडं, एक हात
माझ्या छातीच्या दिशेनं येऊन
वाटेतच झोपलेला.
मी मोजायला लागलो. ओंदु, एरडु, मूरु.
सहाव्याला ती थांबली.
मी उठून बसलो.

एक मोटारसायकल रस्त्यावरून गेली.
मग आला तिचा श्वास, सावकाश,
जरा उशिरानं.
मी टाकी भरायला उठलो,
पाय न वाजवता.